तहाचा कागद आणि युद्धाचा हिशेब

‘युद्धात जिंकले आणि तहात हरले’ हे वाक्य महाराष्ट्रात इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की त्याला आता म्हणीचेच स्वरूप आले आहे. या म्हणीमागे एक गृहीत दडलेले आहे. पराक्रम रणांगणावर होतो आणि तह ही त्यानंतरची कारकुनी असते; तिच्यात भोळ्या शूरांना धूर्त मुत्सद्दी फसवितात, असे ते गृहीत होय. या समजुतीमुळे तहाचे खरे राजकारण झाकले जाते. तह ही मुख्यतः युद्धाच्या खर्चाची वाटणी असते. कोणी किती गमावले, कोणी किती कमावले आणि उरलेली देणी पुढची किती वर्षे कोणाच्या मिळकतीतून फेडून घ्यायची, हे तहाच्या कागदावर ठरते. तेव्हा वाटाघाटीस कोण बसतो आणि झालेल्या तहास मंजुरी कोण देतो, हे प्रश्न केवळ परराष्ट्रखात्याचे राहत नाहीत. ज्यांच्या श्रमातून ही देणी फेडली जाणार, त्या कष्टकऱ्यांच्या जीवनमरणाचे ते प्रश्न ठरतात.

तहावर सही होणे आणि तह पक्का होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मराठ्यांच्या इतिहासाच्या वाचकास सांगावयास नको. १७७९ च्या जानेवारीत वडगाव येथे कोंडीत सापडलेल्या मुंबईकर इंग्रजांनी साष्टीसह घेतलेला मुलूख परत करण्याचे कबूल केले. सैन्य सुखरूप मुंबईस परतताच, करार करणाऱ्यांना तसा अधिकारच नव्हता, असे सांगून तो फेटाळण्यात आला. पुढे १७ मे १७८२ रोजी सालबाईचा तह झाला, तेव्हा नाना फडणविसांनी आपली मंजुरी महिनोन् महिने रोखून धरली. हैदरअल्ली वारल्यानंतर, १७८३ च्या फेब्रुवारीत, ती दिली गेली. सही आणि मंजुरी यांच्यामधील हे अंतर राजकारणी पुरुषांनी नेहमीच हत्यारासारखे वापरले आहे. लोकशाहीच्या युगात या अंतराचा उपयोग लोकांना करता आला पाहिजे, ही अपेक्षा स्वाभाविक होती. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ साली, या अपेक्षेचे काय झाले, हे समाजवादी कार्यकर्त्याने बारकाईने पाहण्यासारखे आहे. कारण त्या तहाचे सर्वांत मोठे मोल ज्या पक्षाला मोजावे लागले, तो जगातील सर्वांत बलाढ्य समाजवादी पक्ष होता.

बंद दारामागील उघडा करार

अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी जानेवारी १९१८ मध्ये जी चौदा कलमे जाहीर केली, त्यांतील पहिलेच कलम उघड वाटाघाटींनी उघड करार व्हावेत असे होते. प्रत्यक्षात पॅरिसच्या परिषदेतील निर्णायक गोष्टी विल्सन, लॉइड जॉर्ज, क्लेमांसो आणि ऑर्लांडो या चौघांनी बंद खोलीत ठरविल्या. पराभूतांना चर्चेस बोलाविलेच नाही. ७ मे १९१९ रोजी ४४० कलमांचा तयार मसुदा जर्मन शिष्टमंडळाच्या हाती ठेवण्यात आला. तोंडी चर्चेस नकार देण्यात आला. जे म्हणायचे ते लेखी म्हणावे, एवढीच मुभा मिळाली. १६ जूनला अंतिम उत्तर आले आणि काही दिवसांची मुदत देऊन, सही न केल्यास सैन्य पुढे सरकेल असे बजावण्यात आले.

जित राष्ट्राला अशी वागणूक मिळावी याचे नवल वाटणार नाही. पण जेत्या राष्ट्रांतील लोकप्रतिनिधींची अवस्था फारशी वेगळी नव्हती, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. फ्रेंच संसदेपुढे तह मंजुरीसाठी आला तो सही होऊन गेल्यावर. त्यातील एकही कलम तिला बदलता येत नव्हते. सबंध तह स्वीकारा अथवा फेटाळा, एवढाच पर्याय होता. अमेरिकेत सीनेटच्या दोनतृतीयांश सदस्यांच्या संमतीवाचून तह पक्का होऊ शकत नव्हता, आणि १९१८ च्या नोव्हेंबरातील निवडणुकीत विल्सन यांच्या विरोधी पक्षाला तेथे बहुमत मिळाले होते. तरीही विल्सन यांनी पॅरिसला जाताना एकाही सीनेटरला बरोबर नेले नाही. परिणाम ठरलेलाच होता. १९ नोव्हेंबर १९१९ रोजी तह सीनेटमध्ये फेटाळला गेला. १९ मार्च १९२० रोजी शर्तींसह पुन्हा मत घेतले असता बाजूने ४९ आणि विरुद्ध ३५ मते पडली. दोनतृतीयांशास सात मते कमी पडली. त्या शर्ती मान्य नसल्यामुळे स्वतः विल्सन यांनीच आपल्या अनुयायांना विरोधात मत देण्यास सांगितले होते.

या नकाराचा आर्थिक परिणाम दूरगामी झाला. अमेरिका बाहेर राहिल्यामुळे फ्रान्सला देऊ केलेली लष्करी हमी बारगळली. हमी गेल्यावर फ्रान्सने आपले संरक्षण जर्मनीकडून वसूल करावयाच्या रकमेत शोधले. जानेवारी १९२३ मध्ये फ्रेंच आणि बेल्जियन फौजा रूरच्या कोळसाखोऱ्यात शिरल्या, त्या या धोरणाचाच भाग म्हणून. वाटाघाटीत ज्यांना विश्वासात घेतले नाही त्यांनी मंजुरी नाकारली, आणि त्या नकाराची किंमत रूरमधील खाणकामगारांना मोजावी लागली. अशा व्यवहारात हिशेब चुकविणारा आणि किंमत मोजणारा ही माणसे निराळी असतात.

‘जर्मनी भरून देईल’

तहातील २३१ वे कलम ‘युद्धगुन्ह्याचे कलम’ म्हणून कुप्रसिद्ध झाले. जर्मनी आणि तिचे मित्र यांच्या आक्रमणामुळे दोस्तांना सोसाव्या लागलेल्या सर्व हानीची जबाबदारी या कलमाने त्यांच्यावर टाकली. पुढील कलमातच, जर्मनीची साधनसंपत्ती एवढी भरपाई करण्यास पुरेशी नाही, हेही मान्य केले होते. म्हणजे नैतिक जबाबदारी अमर्याद आणि आर्थिक जबाबदारी मर्यादित, अशी ही रचना होती. ती का करावी लागली, याचे उत्तर जेत्यांच्या अंदाजपत्रकांत सापडते.

युद्ध चालविण्याचे पैसे दोन मार्गांनी उभे करता येतात: श्रीमंतांवर आणि युद्धात नफा कमावणाऱ्यांवर आत्ताच कर बसवून, अथवा कर्ज काढून फेड उद्यावर ढकलून. बहुतेक राष्ट्रांनी दुसरा मार्ग धरला. फ्रान्समध्ये प्राप्तिकराचा कायदा १९१४ साली मंजूर झाला होता. त्याची वसुली १९१६ पर्यंत सुरू झाली नाही. जर्मनीत अर्थखाते सांभाळणाऱ्या कार्ल हेल्फरिख यांनी तर युद्धकर्जांचा बोजा अखेरीस शत्रूच्या गळ्यात पडेल, असे १९१५ साली संसदेतच सांगितले होते. दोन्ही बाजूंच्या धनिकवर्गाला एकच आश्वासन मिळाले होते: हरणारा भरून देईल. युद्ध संपले तेव्हा जेत्या राष्ट्रांच्या सरकारांना ते आश्वासन पाळावयाचे होते. खरी किती रक्कम मिळू शकते हे लोकांना सांगितले असते, तर उरलेली रक्कम घरच्या श्रीमंतांकडून वसूल करण्याची पाळी आली असती.

यावर फ्रान्सची बाजू ऐकून घेणे न्यायाचे होईल. युद्ध फ्रान्सच्या आणि बेल्जियमच्या भूमीवर झाले. उत्तर फ्रान्समधील गावे, कारखाने आणि शेते उद्ध्वस्त झाली. परतणाऱ्या जर्मन सैन्याने कोळशाच्या खाणी पाण्याने भरून टाकल्या. १८७१ मध्ये याच जर्मनीने फ्रान्सकडून पाच अब्ज फ्रँक वसूल केले होते आणि फ्रान्सने ते १८७३ पर्यंत फेडलेही होते. मोडलेली घरे मोडणाऱ्याने बांधून द्यावीत, ही मागणी अन्यायाची म्हणता येत नाही. प्रश्न त्यापुढचा आहे. मोडलेल्या घरांच्या हिशेबात सैनिकांची निवृत्तिवेतनेही घालण्यात आली आणि दाव्याचा आकडा फुगला. ब्रिटिश अर्थखात्याचे प्रतिनिधी जॉन मेनार्ड केन्स यांनी जून १९१९ मध्ये राजीनामा दिला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात या हिशेबाची चिरफाड केली. केन्स यांचे सर्वच आडाखे पुढील अर्थशास्त्रज्ञांना मान्य झाले असे नाही. जर्मनी अधिक देऊ शकली असती, असा प्रतिवादही समर्थपणे मांडला गेला. तथापि एक गोष्ट वादातीत राहते. मे १९२१ मध्ये जर्मनीचे देणे १३२ अब्ज सुवर्ण मार्क असे जाहीर झाले. त्यांपैकी ८२ अब्जांचे रोखे अशा शर्तीवर बेतलेले होते की ते कधी वसूल होतील अशी जाणत्यांना अपेक्षाच नव्हती. हा आकडा फ्रेंच आणि ब्रिटिश मतदारांना दाखविण्यासाठी होता. जर्मन मतदारांनी मात्र तो खरा मानला, आणि राष्ट्रवादी पक्षांनी त्यावर बारा वर्षे राजकारण केले.

पुढचा व्यवहार तर चमत्कारिक होता. १९२४ च्या डॉज योजनेनंतर अमेरिकन बँका जर्मनीला कर्ज देऊ लागल्या. त्या पैशातून जर्मनी फ्रान्स-ब्रिटनला भरपाई देऊ लागली. आणि फ्रान्स-ब्रिटन आपली युद्धकर्जे अमेरिकेला फेडू लागले. पैसा अमेरिकेतून निघून अमेरिकेत परतत होता. वाटेत बँकांना दलाली मिळत होती आणि प्रत्येक देशातील करदात्याला भार सोसावा लागत होता. १९२९ च्या मंदीने हे चक्र थांबविले आणि १९३२ मध्ये लोझान येथे भरपाई जवळजवळ रद्दच झाली. भरपाईसाठी उभारलेल्या कर्जरोख्यांचे राहिलेले व्याज मात्र फिटले ते ३ ऑक्टोबर २०१० रोजी. सही करणारे आणि करविणारे सर्व काळाच्या पडद्याआड गेल्यावरही कागद आपली वसुली करीत राहिला होता.

सहीसाठी समाजवादी, पराभवासाठी कोणीच नाही

आता ज्या पक्षाचा उल्लेख वर झाला त्या पक्षाकडे वळू. २९ सप्टेंबर १९१८ रोजी, युद्ध हरले आहे, ताबडतोब शस्त्रसंधी मागा, असा आग्रह खुद्द सेनापती लुडेनडॉर्फ यांनी धरला. त्याच वेळी, संसदेतील पक्षांना सरकारात घ्यावे आणि आता होणारा तह त्यांच्याच हातून व्हावा, ही योजनाही त्यांचीच. ज्यांनी देशावर जवळजवळ हुकूमशाही गाजविली, त्यांनी पराभवाचा कागद दुसऱ्यांच्या हाती दिला. ११ नोव्हेंबर १९१८ रोजी शस्त्रसंधीवर सही करण्यास गेलेल्या शिष्टमंडळाचे नेते माथियास एर्झबर्गर हे कॅथॉलिक सेंटर पक्षाचे नागरी पुढारी होते. कैसर हॉलंडात पळून गेला होता. सत्ता फ्रीड्रिख एबर्ट यांच्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षाकडे आली होती.

तहाचा मसुदा पाहून पंतप्रधान शायडेमान यांनी २० जून १९१९ रोजी राजीनामा दिला. नवे पंतप्रधान गुस्टाव बाउअर हेही सोशल डेमोक्रॅटच. २२ जूनला वायमारच्या घटनासमितीने १३८ विरुद्ध २३७ मतांनी सहीस अनुमती दिली. मात्र युद्धगुन्ह्याचे आणि कैसरला स्वाधीन करण्याचे कलम वगळून. दोस्तांनी ही अट फेटाळली. २३ तारखेला सायंकाळी सातला मुदत संपत होती. एबर्ट यांनी सेनामुख्यालयाला दूरध्वनी करून विचारले: प्रतिकार शक्य आहे काय? सरसेनापती हिंडेनबुर्ग यांना उत्तर ठाऊक होते. पश्चिमेस लढणे अशक्य असल्याचे त्यांनी काही दिवसांपूर्वीच कळविले होते. परंतु दूरध्वनीवर ते उत्तर देण्याचे काम ग्रोनर या दुय्यम अधिकाऱ्यावर सोपवून सरसेनापती खोलीतून बाहेर निघून गेले. २८ जूनला व्हर्सायच्या आरसेमहालात सही केली ती सोशल डेमोक्रॅट हेरमान म्युलर आणि सेंटर पक्षाचे योहानेस बेल यांनी. ९ जुलैला घटनासमितीने तहास मंजुरी दिली आणि त्यानंतर काही दिवसांतच दोस्तांची नाकेबंदी उठली. उपाशी लोकांच्या प्रतिनिधींकडून घेतलेली ही मंजुरी होती.

सही करण्यात त्या पक्षाची चूक झाली काय? नाही, असेच म्हणावे लागते. नकार दिला असता तर परकी फौजा आत आल्या असत्या, नाकेबंदी लांबली असती आणि सर्वांत आधी कामगारवस्त्यांतील मुले मेली असती. सुटाबुटात राहून बाणेदारपणा दाखविणे सोपे असते. त्याचा खर्च इतरांच्या घरून येतो. चूक निराळी होती आणि ती सहीपूर्वीच घडली होती. १० डिसेंबर १९१८ रोजी बर्लिनला परतणाऱ्या सैनिकांचे स्वागत करताना एबर्ट यांनी, कोणत्याही शत्रूने तुम्हांला जिंकलेले नाही, अशा आशयाचे उद्गार काढले. सैनिकांच्या कष्टांचा गौरव करण्याचा त्यांचा हेतू असेल. पण जिंकलेले नाही तर मग तह कशासाठी, हा प्रश्न त्या वाक्याच्या पोटात होता. युद्ध कसे सुरू झाले याची परराष्ट्रखात्यातील कागदपत्रे जमविण्याचे काम नव्या सरकारने कार्ल काउट्स्की यांच्याकडे सोपविले होते. ते काम तहाच्या आधीच झाले होते. पण तहाच्या वाटाघाटी बिघडतील या भीतीने ती कागदपत्रे प्रसिद्ध झाली डिसेंबर १९१९ मध्ये. तोवर १८ नोव्हेंबर १९१९ रोजी हिंडेनबुर्ग यांनी चौकशी समितीपुढे, सैन्य हरले नव्हते, त्याच्या पाठीत खंजीर खुपसला गेला, ही कथा सांगून टाकली होती. सत्य कपाटात राहिले आणि खोटे बाजारात आधी पोहोचले.

कपाट उघडण्याचे धैर्य पक्षाला का झाले नाही, याचे कारण पक्षाच्या स्वतःच्या दप्तरात होते. ४ ऑगस्ट १९१४ रोजी या पक्षाने कैसरच्या युद्धखर्चास मत दिले होते. मार्च १९१८ मध्ये जर्मनीने रशियावर ब्रेस्ट-लिटोव्हस्कचा लुटारू तह लादला, तेव्हा संसदेतील मंजुरीच्या वेळी हा पक्ष तटस्थ राहिला. विरोधात मत दिले ते पक्षातून फुटलेल्या स्वतंत्र समाजवाद्यांनी. दुसऱ्यावर लादलेल्या अन्यायी तहाच्या वेळी जो गप्प बसला, त्याला वर्षभराने स्वतःवरील अन्यायाविरुद्ध बोलताना आवाज सापडला नाही. त्याच ब्रेस्ट-लिटोव्हस्कच्या तहाबाबत लेनिन यांनी, हा तह लाजिरवाणा आहे, पण आपल्याजवळ सैन्य नाही, म्हणून तो करतो, असे सोव्हिएतांच्या अधिवेशनात उघड सांगितले. ज्यांनी दोनच महिन्यांपूर्वी निवडून आलेली घटनासमिती मोडली होती, त्यांच्याकडून लोकशाहीचे धडे घेण्याचे कारण नाही. परंतु पराभवाला पराभव म्हणण्याचा हा स्पष्टवक्तेपणा जर्मन लोकशाहीवाद्यांनी दाखविला असता, तर पुढचे पुष्कळसे टळण्याची शक्यता होती.

एर्झबर्गर यांची कथा या संदर्भात विशेष बोलकी आहे. शस्त्रसंधीवर सही करणारे हेच गृहस्थ जून १९१९ मध्ये अर्थमंत्री झाले. युद्धाचा खर्च घरच्या श्रीमंतांनी उचलावा, या भूमिकेतून त्यांनी संपत्तीवर मोठा कर बसविणारा कायदा त्या वर्षअखेर मंजूर करून घेतला; त्याचे दर १० टक्क्यांपासून ६५ टक्क्यांपर्यंत चढत जात होते. त्यांच्याविरुद्ध मोहीम उघडली ती कोणी? युद्धकर्जांचा बोजा शत्रूवर पडेल असे संसदेत सांगणाऱ्या त्याच हेल्फरिख यांनी. अब्रुनुकसानीच्या खटल्यात नाचक्की होऊन एर्झबर्गर यांनी मार्च १९२० मध्ये राजीनामा दिला. २६ ऑगस्ट १९२१ रोजी दोन माजी सैनिकी अधिकाऱ्यांनी त्यांना गोळ्या घालून ठार केले. देशद्रोहाचा आरोप सहीबद्दल होता; राग मात्र सहीएवढाच कराबद्दलही होता. करातून जे वसूल व्हायचे ते चलनवाढीने कागदोपत्री राहिले, आणि त्याच चलनवाढीने सामान्य माणसाने देशप्रेमाने घेतलेल्या युद्धरोख्यांची रद्दी करून टाकली.

जून १९२० च्या निवडणुकीत सोशल डेमोक्रॅटिक पक्षाची मते ३७.९ टक्क्यांवरून २१.७ टक्क्यांवर आली. सहीच्या वेळी खोलीतून बाहेर गेलेले हिंडेनबुर्ग १९२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले आणि ३० जानेवारी १९३३ रोजी त्यांनी हिटलरला पंतप्रधान नेमले. मार्च १९३३ मध्ये हिटलरला सर्वाधिकार देणाऱ्या कायद्याविरुद्ध संसदेत मत देण्याचे धैर्य दाखविले ते सोशल डेमोक्रॅटिक पक्षाच्या ९४ प्रतिनिधींनीच. धैर्याची उणीव त्या पक्षाला कधी नव्हती. हिशेब वेळेवर मांडला नाही, ही उणीव होती.

भारताची सही, भारतीयांची संमती

व्हर्सायच्या तहावर भारताचीही सही आहे. ती केली भारतमंत्री एडविन माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराजा गंगासिंह यांनी. युद्धात दहा लाखांहून अधिक भारतीय परदेशी धाडले गेले, सत्तर हजारांहून अधिक परतले नाहीत, आणि १९१७ मध्ये १० कोटी पौंडांची ‘देणगी’ भारताच्या तिजोरीतून ब्रिटनला देण्यात आली. काँग्रेसच्या दिल्ली अधिवेशनाने डिसेंबर १९१८ मध्ये शांतता परिषदेसाठी टिळक, गांधी आणि हसन इमाम यांना प्रतिनिधी निवडले होते. लोकमान्य त्या वेळी लंडनला होते. त्यांना पॅरिसला जाण्याचा परवाना नाकारला गेला. त्यांनी परिषदेचे अध्यक्ष क्लेमांसो यांना पत्र लिहून भारताच्या स्वयंनिर्णयाची मागणी मांडली. परिषदेने ती विचारात घेतली नाही. पॅरिसमध्ये राष्ट्रांच्या स्वयंनिर्णयाची भाषा चालू असताना मार्चमध्ये रौलट कायदा झाला आणि १३ एप्रिलला जालियनवाला बागेत गोळीबार झाला. भारताची सही तहावर होती. भारतीयांची संमती मात्र कोणी विचारली नव्हती.

स्वतंत्र भारताने या अनुभवातून एक चांगला धडा घेतला. १९५१ च्या सप्टेंबरात सॅन फ्रान्सिस्को येथे जपानशी होणाऱ्या तहाच्या अटी मान्य नसल्यामुळे भारत त्या परिषदेस गेला नाही. ९ जून १९५२ रोजी भारताने जपानशी स्वतंत्र तह केला आणि युद्धभरपाईचे आपले सर्व दावे सोडून दिले. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या गरीब राष्ट्राने हे केले, याचे महत्त्व श्रीमंत राष्ट्रांनी १९१९ मध्ये काय केले ते आठवले म्हणजे कळते.

दुसरा धडा मात्र अजून घ्यावयाचा आहे. आंतरराष्ट्रीय करार अमलात आणण्यासाठी कायदे करण्याचा अधिकार संविधानाच्या २५३ व्या कलमाने संसदेला दिला आहे. परंतु करार पक्का होण्यापूर्वी तो संसदेपुढे मतास आलाच पाहिजे, असे बंधन संविधानात नाही. वाटाघाटी, सही आणि मंजुरी ही तिन्ही कामे मूलतः मंत्रिमंडळाच्या अखत्यारीत राहतात. १९७२ च्या सिमला करारात, दोन्ही देशांच्या घटनात्मक रीतीप्रमाणे मंजुरी मिळाल्यावर तो अमलात येईल, अशी तरतूद होती. भारताच्या बाजूने त्या घटनात्मक रीतीत संसदेचे मत अनिवार्य नव्हते. संसदेत चर्चा होणे ही सरकारची मर्जी असते. मत घेणे हा लोकांचा हक्क असावयास हवा.

वाटाघाटीची प्रत्येक बैठक चव्हाट्यावर भरावी, अशी भाबडी मागणी कोणी करणार नाही. काही बोलणी गुप्त ठेवावीच लागतात. पण वाटाघाटीला बसण्यापूर्वी युद्धाची कारणे सांगणारी कागदपत्रे लोकांपुढे यावीत. युद्धाचा खर्च किती झाला आणि युद्धात नफा कोणाला झाला याचा हिशेब तहाबरोबरच मांडला जावा. आणि निवडून आलेल्या सभागृहाच्या मतावाचून तह पक्का समजला जाऊ नये, एवढी मागणी व्यवहार्य आहे. अमेरिकेच्या सीनेटने तह फेटाळला म्हणून संसदेच्या अधिकाराविरुद्ध बोट दाखविले जाते. त्या उदाहरणाचा अर्थ उलट आहे. सीनेटला शेवटी मत मागितले म्हणून बिघडले नाही. सुरुवातीपासून विश्वासात घेतले नाही म्हणून बिघडले.

ज्यांनी देश बुडविला ते सहीच्या वेळी खोलीबाहेर निघून जातात, आणि वाचविण्यास आलेल्यांच्या हाती लेखणी दिली जाते. हा प्रसंग केवळ युद्धानंतरच येतो असे नाही. दिवाळखोर सहकारी कारखान्यात आणि कर्जबाजारी नगरपालिकेतही तो पक्षाच्या कार्यकर्त्यांपुढे उभा राहतो. अशा वेळी जबाबदारी टाळून चालत नाही. सही करावी लागेल तेथे ती करावी. पण लेखणी उचलण्यापूर्वी आधीच्यांचा हिशेब जाहीर वाचून दाखवावा आणि त्याखाली त्यांचीही सही मागावी. वायमारच्या समाजवाद्यांनी एवढे केले असते, तर जर्मन कामगाराला सांगता आले असते की हा पराभव कोणाचा आहे.